रेडिओत उरलेला भूतकाळ: दूरच्या दीर्घिका आणि त्यांची जागृत कृष्णविवरं

सप्टेंबर २०२४ मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी एका दीर्घिकेची बातमी दिली. तिच्या केंद्रातून दोन विरुद्ध दिशांना निघालेले कणांचे झोत या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे २ कोटी ३० लाख प्रकाशवर्षं पसरलेले होते. आपल्या आकाशगंगेसारख्या शंभराहून अधिक दीर्घिका एकीपुढे एक मांडल्या तर एवढी लांबी भरेल. या रचनेला ग्रीक पुराणातल्या एका राक्षसाचं नाव मिळालं, पोर्फिरिअन. ती सापडली युरोपातल्या लोफार या रेडिओ दुर्बिणीला. झोत नेमके कोणत्या दीर्घिकेतून निघाले आहेत, हे शोधायला पुण्याजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण कामी आली.

अशा बातमीत सांगितलेलं असतं की या सगळ्याच्या मुळाशी दीर्घिकेच्या मध्यभागचं एक कृष्णविवर आहे. इथेच वाचक अडखळतो. कृष्णविवरातून प्रकाशही सुटत नाही असं आपण शाळेपासून ऐकत आलो, मग हे झोत कुठून आले? आणि अब्जावधी प्रकाशवर्षं दूरच्या गोष्टीचा रेडिओशी काय संबंध? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुसऱ्यापासून सुरुवात केली तर पहिल्याचं उत्तर आपोआप जवळ येतं.

दोन शब्द आधी स्पष्ट करतो. दीर्घिका म्हणजे अब्जावधी तारे, वायू आणि धूळ यांचं गुरुत्वाकर्षणाने बांधलेलं बेट. आकाशगंगा ही आपली दीर्घिका. प्रकाशवर्ष हे अंतराचं माप आहे, काळाचं नाही: प्रकाश एका वर्षात जेवढं अंतर कापतो तेवढं, म्हणजे साधारण साडेनऊ लाख कोटी किलोमीटर.

रेडिओ दुर्बीण काही ऐकत नाही

रेडिओ म्हटलं की आपल्याला आवाज आठवतो, आणि गैरसमज तिथेच सुरू होतो. रेडिओ लहरी हा प्रकाशच आहे, फक्त आपल्या डोळ्यांना न दिसणारा. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी, म्हणजे लहरीच्या एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचं अंतर, मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकी असते. रेडिओ लहरींची तरंगलांबी मिलिमीटरपासून कित्येक मीटरपर्यंत जाते. घरातला रेडिओ त्या लहरींवर लादलेला संदेश उलगडून त्याचा आवाज करतो. खगोलशास्त्रातली रेडिओ दुर्बीण आकाशाच्या कोणत्या भागातून किती रेडिओ प्रकाश येतो ते मोजते आणि त्यातून चित्र तयार करते.

लांब तरंगलांबीचा मोठा फायदा असा, की दीर्घिकांमधल्या धुळीच्या ढगांना हा प्रकाश जुमानत नाही. दिवसाची वेळ किंवा ढगाळ आकाश यांनीही त्याला फारसा फरक पडत नाही.

आकाशातून असा प्रकाश येतो हे योगायोगाने कळलं. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कार्ल जान्स्की हे तरुण अभियंते अटलांटिकपार जाणाऱ्या रेडिओ-टेलिफोनमध्ये खरखर कशामुळे येते ते शोधत होते. विजांच्या वादळांची खरखर त्यांनी वेगळी काढली, तरी एक बारीक सुस्कारा शिल्लक राहिला. तो २४ तासांनी परत येत नव्हता, २३ तास ५६ मिनिटांनी येत होता. पृथ्वीची ताऱ्यांच्या संदर्भातली एक फेरी नेमकी एवढ्याच वेळात होते. म्हणजे सुस्काऱ्याचा उगम पृथ्वीवर नव्हता आणि सूर्यही नव्हता. १९३३ मध्ये जान्स्कींनी तो धनु राशीकडून, आकाशगंगेच्या मध्याकडून येतो असं जाहीर केलं. चार मिनिटांच्या फरकाकडे दुर्लक्ष करणं किती सोपं होतं, हे मनात आलं की या माणसाबद्दलचा आदर वाढतो.

तारे नव्हे, मग चमकतं काय?

तापलेली वस्तू प्रकाश देते. तारे तापलेले आहेत म्हणून दिसतात. पण दूरच्या दीर्घिकांचा प्रखर रेडिओ प्रकाश उष्णतेचा नसतो. तो येतो चुंबकीय क्षेत्रात गरगरणाऱ्या इलेक्ट्रॉनांकडून.

ओली छत्री गरकन फिरवली की काठावरून थेंब उडतात. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने निघालेल्या इलेक्ट्रॉनला चुंबकीय क्षेत्र सरळ जाऊ देत नाही, वळवत राहतं. प्रत्येक वळणावर इलेक्ट्रॉन आपल्या ऊर्जेचा थोडा अंश प्रकाशाच्या रूपात फेकतो. याला सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात, कारण सिंक्रोट्रॉन नावाच्या यंत्रात ते प्रथम डोळ्यांनी दिसलं. छत्रीवरचं पाणी जसं हळूहळू संपतं, तशी इलेक्ट्रॉनची ऊर्जाही संपत जाते. ही गोष्ट लक्षात असू द्या. पुढचं बरंच काही तिच्यावर उभं आहे.

दीर्घिका एकीकडे, रेडिओ प्रकाश भलतीकडे

हंस तारकासमूहात सिग्नस-ए नावाचा अतिशय तेजस्वी रेडिओ स्रोत आहे. १९५३ मध्ये इंग्लंडमधल्या जोड्रेल बँक इथे रॉजर जेनिसन आणि कोलकात्याहून गेलेले मृणालकुमार दासगुप्ता यांनी त्याचा आकार मोजला. निष्कर्ष चमत्कारिक होता. प्रकाश एका ठिकाणाहून येत नव्हता, एकमेकांपासून दूर असलेल्या दोन ठिकाणांहून येत होता. तिथली दीर्घिका या दोन्हींच्या मधोमध होती. रेडिओ प्रकाश दीर्घिकेबाहेरच्या पोकळीतल्या दोन ढगांमधून येत होता, आणि तोही सुमारे ७५ कोटी प्रकाशवर्षांवरून.

मागे वळून पाहताना मला हा या विषयातला सर्वात महत्त्वाचा क्षण वाटतो. दोन बाजूंचे दोन ढग आणि मध्ये दीर्घिका, म्हणजे मधूनच कोणीतरी दोन्हीकडे काहीतरी फेकलं असणार. काय फेकलं आणि कोणी, हे कळायला आणखी वीसेक वर्षं गेली.

पुढचा धागा चंद्राने दिला. १९६२ मध्ये ३सी २७३ हा रेडिओ स्रोत चंद्राआड जाणार होता. चंद्राची कडा नेमकी कुठे आहे हे माहीत असतं, त्यामुळे स्रोत कोणत्या क्षणी दिसेनासा झाला यावरून त्याची जागा अचूक काढता येते. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीवर सिरिल हॅझर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती काढली. त्या जागी साध्या दुर्बिणीतून ताऱ्यासारखा एक ठिपका दिसत होता. १९६३ मध्ये मार्टिन श्मिट यांच्या लक्षात आलं की या ठिपक्याचा प्रकाश रंगांत विभागल्यावर दिसणाऱ्या हायड्रोजनच्या ओळखीच्या रेषा सुमारे १६ टक्क्यांनी तांबड्या बाजूला सरकल्या आहेत. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दुरून येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी वाटेत ताणली जाते; जितकं अंतर जास्त, तितका ताण जास्त. हिशेब केला तर तो 'तारा' दोनशे कोटी प्रकाशवर्षांहून दूर निघाला. एवढ्या अंतरावरून साध्या दुर्बिणीत दिसायचं, तर त्याचं तेज शंभराहून अधिक दीर्घिकांइतकं हवं. अशा वस्तूंना क्वेसार हे नाव पडलं.

हे कृष्णविवरच कशावरून?

क्वेसारचं तेज काही महिन्यांत, कधी काही दिवसांत बदलतं. एखादी वस्तू एक महिन्यात उजळत किंवा मंदावत असेल, तर ती एका प्रकाशमहिन्याहून फार मोठी असू शकत नाही. ती मोठी असती तर तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बाजूंचे बदल आपल्यापर्यंत वेगवेगळ्या वेळी पोचून एकमेकांत मिसळून गेले असते. म्हणजे शंभर दीर्घिकांचं तेज सूर्यमालेच्या थोड्याफार पटीतल्या जागेतून येतंय. ताऱ्यांच्या इंधनावर हे भागत नाही.

१९६९ मध्ये डोनाल्ड लिंडन-बेल यांनी उत्तर सुचवलं: दीर्घिकांच्या केंद्रांत प्रचंड कृष्णविवरं असावीत आणि त्यांत पडणारा वायू ही ऊर्जा देत असावा. आज त्याला भक्कम पुरावा आहे. कन्या राशीतल्या एम८७ दीर्घिकेच्या मध्याभोवतीचा वायू किती वेगाने फिरतो ते हबल दुर्बिणीने मोजलं, आणि तिथे किती वस्तुमान दडलंय हे कळलं. १० एप्रिल २०१९ रोजी इव्हेंट होरायझन टेलिस्कोप या जागतिक प्रकल्पाने त्याच ठिकाणचं रेडिओ चित्र प्रसिद्ध केलं. एक तेजस्वी कडं आणि मध्ये काळोख. या कृष्णविवराचं वस्तुमान ६५० कोटी सूर्यांइतकं आहे. ज्या सीमेच्या आतून काहीच परत येत नाही तिची त्रिज्या सुमारे १,९०० कोटी किलोमीटर, म्हणजे सूर्य ते प्लूटो या अंतराच्या तिपटीहून थोडी जास्त.

आत गेलेलं बाहेर येत नाही, मग झोत कसले?

आता पहिला प्रश्न. कृष्णविवराच्या आतून काहीही येत नाही, हे खरंच आहे. झोत निघतात ते सीमेच्या बाहेरून.

मोरीच्या जाळीकडे जाणारं पाणी सरळ पडत नाही, भोवरा करतं. कृष्णविवराकडे ओढला जाणारा वायूही असाच फिरत फिरत जवळ येतो आणि त्याची एक चपटी तबकडी तयार होते. तबकडीतले आतले थर वेगाने, बाहेरचे सावकाश फिरतात. चुंबकीय क्षेत्र त्यांना एकमेकांशी बांधून ठेवतं, आणि त्या ओढाताणीत वायू भयंकर तापतो. हे इंधन किती जबरदस्त आहे ते असं पाहता येईल: सूर्याच्या पोटात एक किलो हायड्रोजनचं हेलियम झालं की सात ग्रॅम वस्तुमानाची ऊर्जा होते. तोच एक किलो वायू न फिरणाऱ्या कृष्णविवराभोवतीच्या तबकडीतून आत गेला, तर पन्नासहून अधिक ग्रॅमची ऊर्जा बाहेर पडते. कृष्णविवर अतिवेगाने स्वतःभोवती फिरत असेल तर हा आकडा सिद्धांताप्रमाणे चारशे ग्रॅमपर्यंत जातो.

तबकडीतल्या चुंबकीय रेषा कृष्णविवराच्या फिरण्याबरोबर दोरीसारख्या पिळल्या जातात. पीळ वाढतो तसे काही कण सीमा ओलांडण्याआधीच अक्षाच्या दोन्ही बाजूंना भिरकावले जातात. अशा पिळातून कृष्णविवराच्या फिरण्याची ऊर्जाच बाहेर काढता येते, हे रॉजर ब्लँडफर्ड आणि रोमन झ्नायेक यांनी १९७७ मध्ये गणिताने दाखवलं. झोतांमध्ये प्रोटॉन किती आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचे धन भाराचे जुळे) किती यावर अजून वाद आहे. पण यंत्रणा ढोबळमानाने हीच, असं बहुतेक तज्ज्ञ मानतात.

झोत दीर्घिका ओलांडून बाहेर पडतो, बाहेरच्या विरळ वायूवर आदळतो आणि त्याचा फुगीर ढग होतो. जेनिसन आणि दासगुप्तांना दिसले ते हेच ढग.

एवढ्या दुरून इतकं बारीक दिसतं कसं?

दुर्बीण किती बारीक पाहू शकते हे तिची रुंदी आणि तरंगलांबी यांच्या प्रमाणावर ठरतं. डोळ्याची बाहुली पाच मिलिमीटरची धरली तर ती दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या दहा हजार पट रुंद आहे. एक मीटर लांबीच्या रेडिओ लहरीत नुसती डोळ्याइतकी स्पष्टता हवी असेल, तर दहा किलोमीटर रुंदीची तबकडी (इथे दुर्बिणीची, लहरी गोळा करणारी थाळी) लागेल. अशी तबकडी बांधता येत नाही.

म्हणून छोट्या तबकड्या दूरदूर ठेवायच्या आणि एकच लहर प्रत्येकीवर किती क्षणांच्या फरकाने पोचली ते मोजायचं. तबकड्यांच्या प्रत्येक जोडीतून चित्राचा एक अंश मिळतो. पृथ्वी फिरते तशा जोड्यांच्या दिशा बदलतात आणि चित्र भरत जातं. ही पद्धत विकसित केल्याबद्दल मार्टिन राइल यांना १९७४ चं नोबेल पारितोषिक मिळालं. जीएमआरटीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत, म्हणजे ४३५ जोड्या. एम८७ च्या चित्रासाठी तर तबकड्यांमधली अंतरं जवळजवळ पृथ्वीच्या व्यासाइतकी होती आणि तरंगलांबी फक्त १.३ मिलिमीटर.

जीएमआरटीच्या तबकड्या पत्र्याच्या नाहीत, तारेच्या जाळीच्या आहेत. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारातल्या जाळीतून आतलं दिसतं, पण मायक्रोवेव्ह बाहेर येत नाहीत, कारण त्यांची तरंगलांबी भोकांपेक्षा खूप मोठी असते. तसंच इथे: मोठ्या तरंगलांबीच्या लहरींना जाळी म्हणजे गुळगुळीत आरसाच, वारा मात्र आरपार जातो. त्यामुळे सांगाडा हलका झाला आणि खर्च आवाक्यात आला. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही रचना आहे. त्यांनी याआधी उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभारली होती, आणि तिचं पहिलं मोठं काम चंद्राआड जाणाऱ्या रेडिओ स्रोतांचं निरीक्षण हेच होतं.

कमी वारंवारता, लांब आठवण

मला या विषयात सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट आता येते. रेडिओ दुर्बिणीला कृष्णविवराचा वर्तमान दिसतो, पण त्याहून जास्त दिसतो तो त्याचा भूतकाळ.

वर म्हटलं की इलेक्ट्रॉनची ऊर्जा प्रकाश देता देता संपते. वारंवारता म्हणजे सेकंदाला किती लहरी येतात ती संख्या; तरंगलांबी जितकी लांब, तितकी वारंवारता कमी. ज्याच्याकडे जास्त ऊर्जा, तो जास्त वारंवारतेचा प्रकाश देतो आणि लवकर दमतो. कमी ऊर्जेचा इलेक्ट्रॉन कमी वारंवारतेवर मंद पण दीर्घकाळ तेवतो. भट्टीतून काढलेली सळई आधी पांढरी, मग पिवळी, शेवटी लाल होऊन विझते, तसंच काहीसं. कारण वेगळं असलं तरी क्रम तोच. समजा कृष्णविवराचा वायूपुरवठा आटला आणि झोत थांबले. ढगांमध्ये नवे इलेक्ट्रॉन येणं बंद होतं. आधी ते जास्त वारंवारतेवर दिसेनासे होतात आणि कमी वारंवारतेवर मागे उरतात. गणिताने सांगायचं तर वारंवारता दहापट खाली आणली की ढगाचं दिसत राहणं सुमारे तिपटीने लांबतं. म्हणून १५० मेगाहर्ट्झच्या आसपास पाहणाऱ्या लोफार किंवा जीएमआरटीसारख्या दुर्बिणींना, इतरांच्या लेखी कधीच विझून गेलेले ढग सापडतात.

कधीकधी एकाच दीर्घिकेभोवती ढगांच्या दोन जोड्या दिसतात: बाहेर जुनी, फिकट, आत नवी, तेजस्वी. कृष्णविवर एकदा जागं झालं, झोपलं आणि पुन्हा जागं झालं, याची ती सरळ नोंद आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले जयदीप बागची आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जे२३४५-०४४९ या सर्पिल, म्हणजे चक्राकार हातांच्या, दीर्घिकेत अशा दोन जोड्या दाखवल्या. बाहेरच्या जोडीचा विस्तार पन्नास लाख प्रकाशवर्षांचा आहे. सर्पिल दीर्घिकांमध्ये एवढे मोठे झोत नसतातच असं पाठ्यपुस्तकी मत होतं, त्यामुळे तिची दखल जगभर घेतली गेली.

पोर्फिरिअनचं नवल या चौकटीत ठेवून पाहावं. त्याची एक बाजू एक कोटी पंधरा लाख प्रकाशवर्षांच्या आसपास आहे. प्रकाशाच्याच वेगाने गेलं तरी तिथे पोचायला कोटीभर वर्षं हवीत, आणि झोताचं टोक त्याहून खूपच सावकाश सरकतं. म्हणजे ते कृष्णविवर एका दिशेवर अढळ राहून दीर्घकाळ वायू गिळत राहिलं. शिवाय आपल्याला ते दिसतं तसं होतं तेव्हा विश्वाचं वय ६३० कोटी वर्षं होतं. महास्फोटानंतर उरलेलं पार्श्वप्रारण, म्हणजे विश्वभर पसरलेला मंद प्रकाश, त्या काळी आजच्या दहापटीहून दाट होतं, आणि त्याच्याशी टकरा होऊन इलेक्ट्रॉन आणखी लवकर दमतात. असे ढग तेव्हाचे असूनही दिसावेत, याचं मला खरोखर अप्रूप वाटतं.

प्रकाशापेक्षा वेगवान? आणि रंग खरे का?

एम८७ च्या झोतातल्या गाठी प्रकाशाच्या सहापट वेगाने सरकताना हबलला दिसल्या. कोणतीही वस्तू प्रकाशापेक्षा वेगाने जात नाही, हा सापेक्षतावादाचा नियम चुकला का? नाही. एखादा माणूस दर महिन्याला एक पत्र टाकत तुमच्याच दिशेने चालत येत असेल, तर पत्रं तुम्हाला महिन्यापेक्षा कमी अंतराने मिळतील, कारण प्रत्येक पत्राचा प्रवास आधीच्यापेक्षा छोटा. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने, थोडी तिरकी, आपल्याकडे येणारी गाठ आपल्याच प्रकाशाचा पाठलाग करत असते. तिच्या वर्षानुवर्षांच्या हालचाली आपल्यापर्यंत थोड्या अवधीत पोचतात आणि वेग फुगलेला दिसतो. मार्टिन रीस यांनी हे १९६६ मध्ये, असं काही दिसण्याआधीच, सांगून ठेवलं होतं.

रेडिओ चित्रांचे केशरी-निळे रंग मात्र दिलेलेच असतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाला स्वतःचा रंग कुठून असणार? आकार आणि तेजाचं मोजमाप खरं असतं. नकाशावर उंच भाग तपकिरी दाखवतात, म्हणून कोणी नकाशाला खोटं म्हणत नाही.

आपल्याला याचं काय?

आपल्या आकाशगंगेच्या मध्यातही ४० लाख सूर्यांइतकं कृष्णविवर आहे, २७,००० प्रकाशवर्षांवर. त्याचं चित्र १२ मे २०२२ रोजी प्रसिद्ध झालं. सध्या ते शांत आहे आणि आपल्याला त्याचा धोका नाही. पण आकाशगंगेच्या मध्याच्या वर-खाली १,४०० प्रकाशवर्षं पसरलेले रेडिओ फुगे दक्षिण आफ्रिकेच्या मीरकॅट दुर्बिणीने २०१९ मध्ये दाखवले. तिथे काही दशलक्ष वर्षांपूर्वी मोठी उलथापालथ झाली होती, आणि तिच्यामागे हे कृष्णविवर असण्याची शक्यता गंभीरपणे घेतली जाते.

मोठा परिणाम दीर्घिकांच्या वाढीवर होतो. वायू थंड झाला की त्यातून तारे जन्मतात. अजस्र दीर्घिकांभोवती वायू भरपूर, तरी नवे तारे फार कमी, हे कोडं होतं. झोत त्या वायूला ढवळतात, तापवतात, म्हणून तो थंड होत नाही, असं आज मानलं जातं. भुजंगधारी तारकासमूहातल्या एका दीर्घिकासमूहात तर याची हद्द झाली. ३९ कोटी प्रकाशवर्षांवरच्या त्या समूहाच्या तप्त वायूत एक अवाढव्य खळगा आहे. पंधरा आकाशगंगा ओळीने मावतील एवढा. क्ष-किरणांत आधी त्याची फक्त कड दिसली होती, आणि कृष्णविवराने तो कोरला असेल यावर विश्वास ठेवणं अवघड होतं, कारण त्यासाठी लागणारी ऊर्जा अविश्वसनीय होती. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातली एमडब्ल्यूए ही रेडिओ दुर्बीण आणि खोडदची जीएमआरटी यांच्या कमी वारंवारतेच्या निरीक्षणांत तो खळगा रेडिओ प्रकाशाने काठोकाठ भरलेला दिसला, आणि शंका मिटली. ज्या कृष्णविवराने तो कोरला त्याचे झोत आज बंद आहेत. त्याने केलेलं काम मागे राहिलेल्या त्या दमलेल्या इलेक्ट्रॉनांमुळेच कळलं.

अशा फिकट ढगांचा शोध आता पश्चिम ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या एसकेए-लो या दुर्बिणीकडे जाईल. भारत या प्रकल्पाचा सदस्य आहे. तिच्यात तबकड्या नाहीत. माणसापेक्षा थोड्या उंच, झाडासारख्या दिसणाऱ्या १,३१,०७२ अँटेना जमिनीत रोवलेल्या असतील आणि त्या ५० ते ३५० मेगाहर्ट्झमध्ये आकाश पाहतील, म्हणजे जिथे जुने ढग सर्वात शेवटी विझतात नेमक्या त्या पट्ट्यात.